पाण्यात उतरलं की गुडघ्यांवरचा भार हलका का होतो?

बीड जिल्ह्यातल्या कड्यासारख्या गावात पोहणं शिकायचं ते विहिरीत. कमरेला वाळका भोपळा नाहीतर प्लास्टिकचा कॅन बांधायचा आणि उडी टाकायची. पोराला वर ढकलणारं पाण्याचं प्लावक बल शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. फिजिओथेरपीतले पाण्यातले व्यायाम, म्हणजेच हायड्रोथेरपी, त्याच बलावर चालतात.

समजा, 60 किलो वजनाच्या ऊसतोड कामगाराचे गुडघे गेलेत. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर साधारण निम्माच भार येतो. छातीइतक्या पाण्यात तो 20 किलोच्या आसपास उतरतो, तर मानेपर्यंतच्या पाण्यात जेमतेम 6 किलो राहतो. जमिनीवर ज्याला पाऊल टाकवत नाही, तो इथे चालू शकतो.

पण मग व्यायाम कसला, सगळंच सोपं झालं की! तसं नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट असतं. हात हळू फिरवला तर फारसा अडत नाही. वेग दुप्पट केला की विरोध जवळपास चौपट होतो. थोडक्यात, डंबेलचं वजन किती ठेवायचं हे रुग्णच ठरवतो. दुखलं की थांबायचं, विरोधही तिथेच संपतो.

तिसरी गोष्ट दाबाची. जितकं खोल, तितका दाब जास्त. त्यामुळे पायात साठलेलं पाणी आणि रक्त वर सरकतं, सूज उतरायला मदत होते.

याचं मराठी उदाहरण म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक मणक्यात अडकली आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचारांचा भाग म्हणून त्यांनी पोहायला सुरुवात केली. 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून त्यांनी विश्वविक्रमासह भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं. ‘चंदू चॅम्पियन’ हा 2024 चा सिनेमा त्यांच्यावरचाच. पाण्याने मणका दुरुस्त केला नाही, पण जे स्नायू चालत होते त्यांना पुरेपूर काम दिलं.

मग गावातल्या विहिरीत उतरून गुडघे बरे होतील का? इथे घाई नको. उपचाराच्या टाकीतलं पाणी साधारण 33 ते 35 अंश सेल्सियस ठेवतात. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे गार पाण्यात अंग लवकर थंड पडतं आणि दुखरे स्नायू आखडतात. शिवाय विहिरीत पाय टेकायला तळ नाही, धरायला कठडा नाही. उघडी जखम, फिट येण्याचा त्रास किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टाकीतही उतरू नये, कारण जो दाब सूज उतरवतो, तोच रक्त छातीकडे ढकलून कमजोर हृदयावर ताण आणतो.