शाहतूशचा अवैध व्यापार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

वन्यजीवांच्या अवैध व्यापाराची कारणमीमांसा केवळ दारिद्र्य व लोभ यांच्या आधारे करणे अपुरे ठरते. शाहतूश शालीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. तिबेटच्या पठारावरील चिरू या प्राण्याच्या लोकरीपासून काश्मिरी कारागीर ही शाल विणत. अंगठीतून आरपार जाणारी ही शाल श्रीमंत घराण्यांत प्रतिष्ठेचे लक्षण मानली गेली. झुडपांना अडकलेली, गळून पडलेली लोकर वेचून ती बनते, अशी आख्यायिका प्रचलित होती. वस्तुतः एका शालीसाठी साधारणतः तीन ते पाच चिरूंची हत्या होते, हे वास्तव जॉर्ज शॅलर यांच्या संशोधनाने जगासमोर आणले. १९७९ पासून या व्यापारास आंतरराष्ट्रीय बंदी असूनही जम्मू-काश्मीरमध्ये ती प्रत्यक्षात येण्यास २००२ साल उजाडले; कारण हजारो विणकरांची उपजीविका तीत गुंतलेली होती. तात्पर्य, ग्राहकाला आख्यायिकेने अपराधभावातून मुक्त केले, तर कारागिराला पोटाच्या प्रश्नाने बांधून ठेवले. खरेदीमागील प्रतिष्ठेची कल्पना बदलल्याशिवाय व विणकरास पर्यायी रोजगार लाभल्याशिवाय केवळ कायद्याने हा व्यापार थांबणार नाही. तो फक्त दृष्टीआड होईल.