इंग्रजी भाषेचीं कोडीं व त्यांचा इतिहास

इंग्रजी भाषा शिकूं लागलेला आपला विद्यार्थी पहिल्या दोन-चार वर्षांत जे प्रश्न विचारतो, ते बहुधा फार मार्मिक असतात. सरदार या अर्थाच्या 'नाइट' शब्दाच्या आरंभीं 'के' हें अक्षर लिहावयाचें, पण उच्चारावयाचें नाहीं, हें कां? एकाच माणसास उद्देशून 'यू' म्हटलें असतां त्यापुढें 'इज' न येतां 'आर' कां येतें? प्रश्न करतांना 'डू' मध्येंच कोठून उपटतो? 'पुट' म्हणजे ठेवणें, 'अप' म्हणजे वर, 'विथ' म्हणजे सह. मग तिन्ही मिळून 'सहन करणें' हा अर्थ कसा निघतो? या प्रश्नांस आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या एकच उत्तर मिळत आलें आहे: "इंग्रजी अशीच आहे, पाठ करा." हें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे, आणि या अपुरेपणाचा परिणाम वाईट होतो. ज्यास पाठ होत नाहीं, तो आपल्याच बुद्धींत कांहीं उणें आहे अशी समजूत करून घेतो. ज्यास पाठ होतें, तो दुसऱ्याच्या चुकीस हंसण्यांत विद्वत्ता मानूं लागतो. आपल्या समाजांत इंग्रजी हें माणसाची किंमत ठरविण्याचें एक माप होऊन बसलें आहे. म्हणून या कोड्यांचा उगम शोधणें हें केवळ पांडित्याचें काम नव्हे.

आमचें म्हणणें असें कीं, इंग्रजींतील बहुतेक विसंगतींस जन्मकाळ आहे, आणि कित्येकींस जन्मदातेही आहेत. त्यांची ओळख झाली म्हणजे विसंगति नाहींशी होत नाहीं, पण तिचा धाक नाहींसा होतो.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, या भाषेनें खुद्द इंग्रजांसही घोटाळ्यांत टाकलें आहे. विल्यम कॅक्स्टन यानें १४७६ मध्यें वेस्टमिन्स्टर येथें इंग्लंडांतील पहिला छापखाना घातला. १४९० मधील आपल्या एका भाषांतराच्या प्रस्तावनेंत तो एक हकीगत सांगतो. कांहीं व्यापारी टेम्स नदींतून जहाजानें झीलंडकडे निघाले होते. वारा पडल्यामुळें ते किनाऱ्यास उतरले, आणि शेफील्ड नांवाच्या एकानें एका घरीं जाऊन 'एग्ज', म्हणजे अंडीं, मागितलीं. आपणांस फ्रेंच येत नाहीं, असें घरधनिणीनें उत्तर दिलें. व्यापारी रागावला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती! अखेर दुसऱ्या एकानें 'ऐरेन' हवीं आहेत असें सांगितलें, तेव्हां कोठें तिला उमगलें. 'ऐरेन' हें जुनें अँग्लो-सॅक्सन रूप. 'एग' हा शब्द डेन लोकांच्या स्वाऱ्यांबरोबर उत्तरेकडून आलेला. दोघेंही इंग्रज, दोघेंही आपापल्या परीनें शुद्धच बोलत होतीं. यांतलें छापावें कोणतें, हा कॅक्स्टनपुढचा पेंच होता.

छापखान्यानें हा पेंच हळूहळू सोडविला, पण त्याबरोबर दुसरा निर्माण झाला. ज्या काळांत शब्दांचें लेखन स्थिर होऊं लागलें, नेमक्या त्याच काळांत उच्चार बदलत होते. पंधराव्या शतकापासून पुढें दोन-तीनशें वर्षें इंग्रजींतील दीर्घ स्वर एकामागून एक आपली जागा सोडून सरकत गेले, आणि कांहीं व्यंजनें मुकीं झालीं. चौदाव्या शतकांत, चॉसर कवीच्या काळीं, 'नाइट' या शब्दाचा उच्चार 'क्निख्त' असा कांहींसा होत असे. त्यांतला 'के' तेव्हां उगीच बसलेला नव्हता. उच्चार गेला, लेखन राहिलें. त्यांत पंडितांनीं आणखी भर घातली. ऋण या अर्थाचा 'डेट' हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हां त्यांत 'बी' नव्हता; लॅटिन मूळ शब्दांत तो आहे एवढ्याचसाठीं तो मागाहून बसविण्यांत आला. बेट या अर्थाच्या 'आयलंड' शब्दांतील 'एस' ची गोष्ट तर याहून मौजेची आहे. हा शब्द अस्सल अँग्लो-सॅक्सन; परंतु लॅटिन 'इन्सुला' शब्दाशीं त्याचें नातें आहे अशा चुकीच्या कल्पनेनें त्यांत 'एस' घुसविला गेला. जो विद्यार्थी हा 'एस' लिहावयास विसरतो, तो नकळत जुन्या पंडितांची चूक दुरुस्त करीत असतो. गुण मात्र त्याचे कापले जातात.

लेखनाची ही गोष्ट झाली. वाक्यरचनेची गोष्ट याहून जुनी आहे. अँग्लो-सॅक्सन भाषेंत आपल्या मराठीप्रमाणें तीन लिंगें होतीं आणि नामांस विभक्तीचे प्रत्यय लागत. शब्दाच्या शेवटच्या अवयवावर आघात नसल्यामुळें ते प्रत्यय क्षीण होत गेले, आणि डेन लोकांशीं झालेल्या मिश्रणानें ही झीज वाढली. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. दरबाराची भाषा फ्रेंच झाली आणि इंग्रजी शेतकऱ्यांच्या तोंडीं राहिली. गोठ्यांतील गाय 'काऊ' आणि सरदाराच्या ताटांतील तिचें मांस 'बीफ', कळपांत असे तोंवर 'शीप' आणि शिजल्यावर 'मटन', हे जोडशब्द त्या राज्यक्रांतीचे साक्षीदार आहेत. स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीनें १८१९ मध्यें ते लोकांच्या चांगलेच ध्यानांत आणून दिले. न्यायालयांतील वादविवाद इंग्रजींत व्हावा असा कायदा होण्यास १३६२ साल उजाडावें लागलें. मधल्या काळांत भाषेस शिस्त लावणारा दरबारी लेखकवर्ग तिला फारसा नव्हता, आणि प्रत्यय झपाट्यानें झडले.

याचा परिणाम आपल्या विद्यार्थ्यास रोज भोगावा लागतो. "रामानें रावणास मारिलें" हें वाक्य मराठींत कसेंही उलटसुलट केलें तरी राम मरत नाहीं. कारण कर्ता कोण आणि कर्म कोण हें प्रत्यय सांगतात. इंग्रजींत तें काम शब्दाचें स्थान करतें. जागा बदलली कीं मारणारा आणि मरणारा यांची अदलाबदल होते. उरलेल्या विभक्तींचें ओझें 'ॲट', 'इन', 'ऑन', 'विथ' अशा लहान लहान अव्ययांवर पडलें. त्यांतही जुने अर्थ शिल्लक आहेत. 'विथ' याचा मूळ अर्थ 'विरुद्ध' असा होता. म्हणून एखाद्या 'विथ' लढणें म्हणजे त्याच्या बाजूनें लढणें कीं त्याच्याशीं, हा संशय अजूनही पडतो. आपलाही 'शीं' हा प्रत्यय मित्राशीं बोलण्यास आणि शत्रूशीं लढण्यास एकसारखाच चालतो, हें ध्यानांत आणलें म्हणजे इंग्रजांवर रागावण्याचें कारण उरत नाहीं.

'पुट अप विथ' यासारख्या प्रयोगांचें कोडेंही असेंच आहे. संस्कृतांतील 'हृ' धातूपासून झालेल्या 'हार' शब्दास निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे परस्परांशीं संबंध न दिसणारे शब्द होतात, हें आपल्याकडे शाळकरी मुलासही ठाऊक असतें. जुन्या इंग्रजींतही उपसर्ग क्रियापदाच्या आधीं जोडले जात. 'अंडरस्टँड', 'विथस्टँड' हीं त्या काळचीं रूपें आहेत. पुढें ही पद्धत मागें पडली आणि तींच लहान अव्ययें क्रियापदाच्या मागून चालूं लागलीं. तेव्हां 'गिव्ह अप', 'पुट अप विथ' हे उपसर्गच आहेत, फक्त घोड्याच्या पुढें न राहतां मागें बांधलेले. संहाराचा अर्थ ज्यानें धातूवरून तर्क न करतां वापरावरून शिकला, त्यानें येथेंही तीच वाट धरावी.

'डू' विषयीं थोडेंसें. पूर्वीं इंग्रजींत क्रियापद कर्त्याच्या आधीं नेलें कीं प्रश्न होत असे. सोळाव्या-सतराव्या शतकांत 'डू' घालण्याची रीत पसरली. शेक्सपियरच्या नाटकांत जुनी व नवी अशा दोन्ही रीती शेजारीं शेजारीं नांदतात. 'इज', 'कॅन', 'शॅल' या साहाय्यक क्रियापदांनीं मात्र जुनी रीत सोडली नाहीं, म्हणूनच त्यांस आजही 'डू' लागत नाहीं. ज्यास विद्यार्थी अपवाद म्हणून घोकतो, तो वस्तुतः जुना नियम आहे.

'यू' ची कथा मराठी वाचकास विशेष जवळची वाटेल. 'दाऊ' म्हणजे तूं आणि 'यू' म्हणजे तुम्ही, असा भेद इंग्रजींत होता, आणि मोठ्यांस आदरानें अनेकवचन लावण्याची चालही होती. आदर वाढत वाढत सर्वांच्या वांट्यास आला, आणि सतराव्या शतकांत 'दाऊ' सामान्य व्यवहारांतून मावळूं लागला. क्वेकर पंथाच्या लोकांस हें मान्य नव्हतें. ईश्वरापुढें सर्व सारखे, मग राजास तुम्ही आणि नोकरास तूं कां, असें म्हणून ते न्यायाधीशासही 'दाऊ' म्हणत, आणि त्यापायीं त्यांनीं शिव्या व मार सोसला. त्यांचा पुढारी जॉर्ज फॉक्स यानें सहकाऱ्यांसह १६६० मध्यें एकवचन-अनेकवचनाचा भेद अनेक भाषांच्या आधारें शिकविणारें एक पुस्तकच छापलें. व्याकरणाचें बळ त्यांच्या बाजूस होतें, पण लोकरूढि नव्हती, रूढि जिंकली. 'यू' एकाचाही झाला, पण त्याच्यामागचें 'आर' अनेकांचेंच राहिलें. आज 'दे' हें सर्वनाम एका व्यक्तीसाठीं वापरावें कीं नाहीं यावर इंग्रजी जगांत जो वाद होतो, तो ऐकतांना या जुन्या कथेची आठवण ठेवावी.

आतां राहिले ते नियम, जे भाषेनें नव्हे, तर गुरुजींनीं केले. वाक्याच्या शेवटीं शब्दयोगी अव्यय नसावें हा त्यांतला प्रसिद्ध नियम. ड्रायडन यानें १६७२ मध्यें बेन जॉन्सनच्या लेखनांत हा दोष काढला, आणि पुढें स्वतःच्या जुन्या निबंधांतूनही अशीं वाक्यें काढून टाकलीं. लॅटिनमध्यें असें होत नाहीं, हेंच त्यामागचें बळ. १७६२ मध्यें रॉबर्ट लाउथ यानें आपलें लहानसें व्याकरण प्रसिद्ध केलें. ही लकब भाषेच्या अंगांत मुरली आहे असें तो कबूल करतो, आणि तें कबूल करणारें त्याचें वाक्यच अव्ययावर संपतें! त्याच्या पावलावर पाऊल टाकून १७९५ मध्यें लिंडले मरे यानें यॉर्क येथील मुलींच्या एका शाळेकरितां व्याकरण लिहिलें. तें घरोघरीं गेलें, आणि पंडितांची आवड हाच भाषेचा कायदा होऊन बसला. उलट, "घर बांधलें जात आहे" या अर्थाची आज सर्वमान्य असलेली 'इज बीइंग बिल्ट' ही रचना अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊं लागली, तेव्हां अनेक वैयाकरणांनीं तिला नाकें मुरडलीं. आज तीच शुद्ध म्हणून शिकविली जाते.

परक्या सांच्यांत भाषा ओतण्याचा हा प्रकार आपल्याकडेही झाला आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ मध्यें गोव्यास आला. येथील भाषा तो इतकी चांगली शिकला कीं, त्याचें 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्यें छापून प्रसिद्ध झालें. त्याच्या मागून, १६४० मध्यें, रायतूर येथें त्याचें कोंकणीचें व्याकरण छापलें गेलें. त्याची भाषा पोर्तुगीज आणि सांचा लॅटिन. विल्यम बुलोकर यानें इंग्रजीचें पहिलें व्याकरण १५८६ मध्यें रचलें, तेंही लॅटिनच्याच सांच्यांत. म्हणजे इंग्रजी आणि कोंकणी या दोघी एकाच परक्या शिंप्याचे कपडे घालून शाळेंत गेल्या. पुढें १८३६ मध्यें दादोबा पांडुरंग यांनीं मराठीचें व्याकरण लिहिलें तेव्हां इंग्रजी व्याकरणांची धर्ती त्यांच्यापुढें होती. त्या ग्रंथाचे उपकार मोठे. पण अशा जुळवाजुळवींतून विद्यार्थ्याच्या मनांत कांहीं घोटाळे शिरले. आपला कर्मणि प्रयोग आणि इंग्रजीचा 'पॅसिव्ह' एकच, असें मानून तो "रामानें आंबा खाल्ला" याचें भाषांतर करूं जातो आणि फसतो. कारण तें मराठी वाक्य कर्मणि असलें, तरी त्याचा सरळ इंग्रजी अवतार 'ॲक्टिव्ह'च आहे.

म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांस व शिकविणाऱ्यांस आमची एवढीच सूचना आहे कीं, "असें कां?" या प्रश्नास उत्तर सुचेना, तर "असें केव्हांपासून?" हा प्रश्न विचारून पाहावा. कांहीं कोडीं झिजलेल्या प्रत्ययांचीं निघतील, कांहीं गोठलेल्या लेखनाचीं, आणि कांहीं केवळ गुरुजींच्या आवडीनिवडीचीं. यामुळें पाठांतर चुकणार नाहीं. 'आयलंड' शब्दांत 'एस' लिहावाच लागेल. परंतु चुकलेल्या मुलास मंदबुद्धि म्हणण्यापूर्वीं, ज्या ठिकाणीं तो अडखळला त्याच ठिकाणीं कॅक्स्टनच्या काळचा लंडनचा व्यापारीही अडखळला होता, एवढें आपणांस आठवेल. अडखळणाऱ्यास हात द्यावयाचा कीं हंसावयाचें, हें ठरविण्यास एवढी आठवण पुरेशी आहे.