सिलिकॉन फोटॉनिकी

सिलिकॉनच्या चकतीवर सूक्ष्म मार्ग कोरून त्यांतून प्रकाश वाहून नेणे, त्याचे विभाजन व विरूपण करणे आणि अखेरीस त्याचे विद्युत् संकेतात रूपांतर करणे, यांसंबंधीच्या तंत्रविद्येस सिलिकॉन फोटॉनिकी म्हणतात. संगणकाची संकलित मंडले ज्या पद्धतींनी तयार होतात त्याच पद्धतींनी प्रकाशीय घटकही बनवावेत, ही तिच्यामागील मूळ कल्पना होय. तथापि सिलिकॉन स्वतः प्रकाश जवळजवळ देतच नाही. या एका उणिवेवर मात करण्याच्या प्रयत्नांनी या शाखेचा इतिहास व्यापलेला आहे.

पार्श्वभूमी : काचतंतूतून दूरवर संदेशवहन शक्य आहे, असे चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकम यांनी १९६६ मध्ये दाखविले. १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधील स्ट्युअर्ट मिलर यांनी, सुटी भिंगे व आरसे यांऐवजी सर्व प्रकाशीय घटक एकाच चकतीवर आणावेत, अशी कल्पना मांडून तीस ‘एकात्मित प्रकाशकी’ हे नाव दिले. महाराष्ट्रात पुणे येथे १९७९ मध्ये, स्थानिक दूरध्वनी केंद्रांना जोडणारी देशातील पहिली प्रकाशीय तंतू प्रणाली सुरू झाली. तंतूचा प्रसार पुढे झपाट्याने झाला. परंतु त्याच्या दोन्ही टोकांना लागणारी साधने इंडियम फॉस्फाइडासारख्या महागड्या अर्धसंवाहकांची होती. म्हणून स्वस्त व विपुल अशा सिलिकॉनकडे लक्ष वळले.

तत्त्व : १.१ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मीटरचा दशलक्षांश) अधिक तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाला सिलिकॉन पारदर्शक आहे. तंतुसंदेशवहनात वापरल्या जाणाऱ्या १.५५ मायक्रॉन तरंगलांबीला त्याचा प्रणमनांक सु. ३.४८, तर सिलिकेचा सु. १.४४ असतो. या मोठ्या फरकामुळे सिलिकेने वेढलेल्या, अर्धा मायक्रॉन रुंदीच्या सिलिकॉन मार्गात प्रकाश कोंडून राहतो व तीव्र वळणावरही फारसा निसटत नाही. मात्र सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉनाला वरच्या ऊर्जापट्टातून खाली येताना ऊर्जेबरोबर संवेगही बदलावा लागतो. त्यामुळे ही ऊर्जा मुख्यत्वे उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते.

विकास : रिचर्ड सोरेफ यांनी १९८५ मध्ये सिलिकॉनचे तरंग मार्गदर्शक वर्णिले. विद्युत् भारवाहकांची संख्या बदलल्यास सिलिकॉनचा प्रणमनांक बदलतो, याचे गणित सोरेफ व बेनेट यांनी १९८७ मध्ये मांडले. याच आधारावर इंटेल कंपनीने २००४ मध्ये १ गिगाहर्ट्‌झहून जलद विरूपक तयार केला. २००५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मिशल लिप्सन व सहकाऱ्यांनी १२ मायक्रॉन व्यासाच्या कड्याचा विरूपक बनविला. प्रकाशाच्या अभिज्ञानासाठी सिलिकॉनवर जर्मेनियमाचा थर देण्यात येऊ लागला.

प्रकाशस्रोताचा प्रश्न अधिक बिकट ठरला. बहराम जलाली यांच्या गटाने २००४ मध्ये सिद्ध केलेल्या सिलिकॉन लेसरला चालना देण्यास दुसरा लेसर लागे. २००६ मध्ये इंटेल व कॅलिफोर्निया विद्यापीठ (सँता बार्बरा) यांनी इंडियम फॉस्फाइड सिलिकॉनला जोडून विजेवर चालणारा संमिश्र लेसर बनविला. २०१६ मध्ये सेकंदाला १०० गिगाबिट वेगाची अशी साधने बाजारात आली.

भारतात मद्रासची भारतीय प्रौद्योगिकी संस्था व बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था येथे या विषयाचे संशोधन चालते.

महत्त्व : पुण्यातील तंतूने केंद्र केंद्राला जोडले, आता विदा-केंद्रात यंत्र यंत्राला प्रकाशाने जोडले जाते. तांब्याच्या तारेत वेगाबरोबर वाढणारा ऊर्जाव्यय हे त्याचे प्रमुख कारण होय. २०२० मध्ये आइंटहोव्हन येथे षट्‌कोनी रचनेच्या जर्मेनियम-सिलिकॉन मिश्रणातून कार्यक्षम प्रकाश-उत्सर्जन साधले. तरीही व्यवहारातील साधनांत प्रकाश देणारा पदार्थ उसनाच आहे.