विमानाचा क्रमांक आणि हेरगिरीचा खटला

१/ एकाच कारखान्यातून निघालेली लष्करी विमाने दुरून सारखीच भासतात. त्यांची ओळख पटते ती अंगावर रंगवलेल्या क्रमांकावरून. अमेरिकी बॉम्बफेकी विमान ‘मेम्फिस बेल’चा क्रमांक ४१-२४४८५. त्यातील ‘४१’ हे मागणीचे आर्थिक वर्ष.

२/ छायाचित्र, तारीख, तळ आणि क्रमांक यांची सांगड घातली की एकेका विमानाचे चरित्र उभे राहते: ते कोणत्या तुकडीत होते, कुठे हलवले गेले, केव्हा मोडीत निघाले. ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये हा छंद जुना आहे.

३/ ग्रीसमध्ये मात्र तो गुन्हा ठरला. नोव्हेंबर २००१ मध्ये कलामाता येथील हवाई तळावर १२ ब्रिटिश व २ डच हौशी निरीक्षकांना अटक झाली. एप्रिल २००२ मध्ये ८ जणांना हेरगिरीबद्दल ३ वर्षांची, तर ६ जणांना साहाय्याबद्दल १ वर्षाची स्थगित शिक्षा सुनावली गेली. नोव्हेंबर २००२ मध्ये अपिलात सर्व जण निर्दोष सुटले.

४/ उघड दिसणारा क्रमांक टिपणे आणि गुपित फोडणे यांतील सीमा कोणती, हा या खटल्याचा खरा प्रश्न. लष्करी दप्तरे अनेकदा बंद असतात. तेव्हा इतिहासकाराच्या हाती उरतात त्या अशाच वह्या.