स्ट्रेस टेस्टमध्ये प्रोसेसर ९५ अंशांवर गेला, तर घाबरायचं का?

उन्हाळा लागला की पुण्यातल्या पीसी ग्रुपवर असे स्क्रीनशॉट येऊ लागतात. नुसत्या आकड्यावरून उत्तर देता येत नाही. प्रोसेसर कोणता आणि खोली किती तापलेली, हेही पाहावं लागतं.

स्ट्रेस टेस्ट म्हणजे काय?

प्राइम९५, ओसीसीटी यांसारखे प्रोग्राम प्रोसेसरच्या सगळ्या कोअरना न थांबता गणितं करायला लावतात. रोजच्या वापरात एवढा भार क्वचितच येतो. कूलर पुरेसा आहे का, हे त्यातून कळतं. महासंगणकांची जागतिक क्रमवारी ठरवणारी लिनपॅक चाचणीही अशीच भार टाकणारी आहे. एवढी उष्णता नुसत्या पंख्यांनी हटवणं कठीण. म्हणून पुण्यातल्या आयसरमधल्या 'परम ब्रह्म'मध्ये थेट द्रवाने थंड करण्याची पद्धत वापरली आहे.

किती तापमान चालतं?

इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, तर एएमडी रायझेन ७००० मालिकेतल्या बऱ्याच प्रोसेसरची ९५. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही तापमान वाढत राहिलं, तर मशीन बंद होतं. त्यामुळे प्रोसेसर सहसा जळत नाही. पैसे मोजून घेतलेला वेग मात्र हातचा जातो.

पुण्याच्या उन्हाळ्याचा हिशेब

पंख्याचा कूलर खोलीच्या हवेपेक्षा प्रोसेसर थंड करू शकत नाही. समजा, जानेवारीत खोली २२ अंश होती आणि चाचणीत ७५ दिसले. एप्रिलमध्ये खोली ३४ झाली, तर तेच मशीन साधारण ८७ दाखवेल. बिघाड काहीच नाही. हवाच १२ अंशांनी तापली आहे.

चाचणी कशी कराल?

- आधी खोलीचं तापमान लिहून ठेवा.
- एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान, क्लॉक स्पीड आणि थ्रॉटलिंग या तिन्ही नोंदी उघडा.
- चाचणी २० ते ३० मिनिटं चालू द्या. लिक्विड कूलरमधलं पाणी तापायला वेळ लागतो.

काळजी कधी करायची?

- चाचणी सुरू होताच काही सेकंदांत मर्यादा गाठली आणि वेग बेस क्लॉकच्याही खाली गेला.
- काहीच काम नसताना डेस्कटॉप सतत ६० च्या वर राहतो.
- खोली तेवढीच, पण तापमान गेल्या वर्षापेक्षा बरंच जास्त.
- मशीन मध्येच बंद पडतं.

अशा वेळी लगेच नवा कूलर घेऊ नका. मशीन बंद करून धूळ काढा, पंखे फिरतात का ते बघा, कूलर घट्ट बसलाय का तपासा. नवीन कूलरच्या तळाचं प्लॅस्टिक काढायचं राहून जाणं, हेही नेहमीचं कारण आहे. त्यानंतर थर्मल पेस्ट बदला. लॅपटॉप गादीवर ठेवू नका.

पुढच्या वेळी स्क्रीनशॉट टाकताना खोलीचं तापमान, कूलरचं नाव आणि क्लॉक स्पीडही लिहा. मग उत्तर देणाऱ्याला अंदाज बांधावा लागणार नाही.