एलएस उद्योगसमूह (दक्षिण कोरिया): वीजतारेपासून ट्रॅक्टरपर्यंत

ट्रॅक्टर, पंपाचा ड्राइव्ह आणि वीजतार यांवर ‘एलएस’ हे एकच नाव असले, तरी त्या बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या आहेत. सुटे भाग आणि वॉरंटीच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

समूहाची सुरुवात

२००३ मध्ये तारा, विद्युत उपकरणे, तांबे व गॅस हे व्यवसाय एलजी समूहातून वेगळे झाले. ते एलजीच्या संस्थापकांच्या तीन धाकट्या भावांच्या कुटुंबांकडे आले. २००५ मध्ये समूहाने ‘एलएस’ हे नाव घेतले.

प्रमुख कंपन्या

• एलएस केबल अँड सिस्टिम: वीज व दूरसंचाराच्या केबल. भारतात हरियाणातील बावल येथे कारखाना आहे.
• एलएस इलेक्ट्रिक: ब्रेकर, कॉन्टॅक्टर आणि मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह (व्हीएफडी).
• एलएस एमएनएम: उल्सानमधील ओन्सान येथे तांबे शुद्ध करते. गंधकयुक्त खनिज वितळवताना निघणाऱ्या वायूपासून गंधकाम्ल मिळते. फॉस्फेटयुक्त खते बनवताना गंधकाम्ल मोठ्या प्रमाणात लागते.
• ई१: एलपीजीची आयात व विक्री.
• एलएस एमट्रॉन: ट्रॅक्टर आणि प्लास्टिकचे सुटे भाग घडवणारी इंजेक्शन मोल्डिंग यंत्रे.

ट्रॅक्टर विभाग

ट्रॅक्टरचा व्यवसाय पूर्वी केबल कंपनीतच होता. २००८ मध्ये एलएस एमट्रॉन वेगळी झाली. कोरियाबाहेर ब्राझीलमध्येही तिचा ट्रॅक्टर कारखाना आहे. तिने बनवलेली काही लहान मॉडेल न्यू हॉलंडच्या नावाने परदेशात विकली गेली आहेत. म्हणजे बॉनेटवरील नाव एकाचे आणि उत्पादक दुसराच, असे होऊ शकते.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

१. नावावर न जाता यंत्रावरील पाटीवर उत्पादक, मॉडेल व अनुक्रमांक वाचावा.
२. वॉरंटी कार्डावर जबाबदार कंपनीचे पूर्ण नाव असावे. त्याच समूहातील दुसरी कंपनी तुमची तक्रार सोडवेलच असे नाही.
३. फिल्टर, क्लच प्लेट, हायड्रॉलिक पंप यांसारखे भाग जवळच्या विक्रेत्याकडे मिळतात का, ते आधी विचारावे.
४. व्हीएफडी घेताना पंपाचा एचपी, फेज व मोटारीच्या पाटीवरील अँपिअर जुळवून घ्यावेत.

पेरणीच्या तोंडावर यंत्र बंद पडले, तर समूह किती मोठा आहे याचा उपयोग नसतो. भाग वेळेत मिळणे महत्त्वाचे. कृषी सहायकांनी यंत्रांविषयी मार्गदर्शन करताना समूहाऐवजी प्रत्यक्ष उत्पादक कंपनीचे नाव सांगावे.