हिंगोलीचें रेल्वेस्थानक

आखाडा बाळापूर हें नांदेडाहून कळमनुरीमार्गें हिंगोलीस जाणाऱ्या सडकेवरील बाजाराचें गांव. येथील माणसास आगगाडीनें कोठें जावयाचें झालें, तर प्रथम सडकच धरावी लागते. कारण गांवास स्थानक नाहीं. नांदेड आणि हिंगोली यांमधील नेहमींची वाट बाळापुरावरून जाते; रुळांनीं मात्र पूर्णा आणि वसमत यांवरून वळसा घेतला आहे. त्या वळशाच्या टोकास असलेल्या हिंगोली स्थानकाची हकीकत पाहिली म्हणजे मराठवाड्याच्या दळणवळणाचा बराचसा इतिहास ध्यानांत येतो.

निजामी राज्याच्या राजधानींत आगगाडी १८७४ सालीं वाडीहून पोंचली. मराठवाड्यास मात्र आणखी पंचवीस वर्षें थांबावें लागलें. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटर गेज मार्ग १८९९ ते १९०१ च्या दरम्यान खुला झाला, आणि औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड हीं गांवें एका बाजूस मनमाडाशीं व दुसऱ्या बाजूस हैदराबादेशीं जोडलीं गेलीं. याच मार्गावरील पूर्णेहून सुमारें ५० मैलांची एक शाखा १९१२ सालीं हिंगोलीपर्यंत आली. कळमनुरी-बाळापूरची बाजू त्यामुळें रुळांपासून दूर राहिली.

हिंगोलीस १८१९ पासून हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ती १९०३ सालीं उठली. म्हणजे गाडी आली तेव्हां फौज केव्हांच निघून गेली होती. मात्र हिंगोली ही कापसाची मोठी पेठ होती, आणि गाडीस भरावयास तो माल होता. परंतु मुंबईस निघालेल्या कापसाची वाट मनमाडास अडे. मीटर गेजचे रूळ एक मीटर अंतराचे, तर मनमाडावरून जाणाऱ्या मोठ्या मार्गाचे साडेपांच फुटांचे. एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चालावयाचा नाहीं. सबब प्रत्येक गासडी उतरवून पुन्हा दुसऱ्या डब्यांत चढवावी लागे.

याहून मोठी अडचण उत्तरेकडची. रूळ हिंगोलीस संपत. पुढें वऱ्हाड, आणि त्यांतील अकोल्यावरून भुसावळ-नागपूरचा मोठा मार्ग जाई. तथापि मध्यें रूळ नव्हते. हिंगोलीच्या उतारूस केवळ आगगाडीनें अकोल्यास जावयाचें, तर पूर्णा, मनमाड, भुसावळ अशी प्रदक्षिणा घालावी लागे!

ही कोंडी फुटावयास जवळजवळ अर्धें शतक गेलें. १९३० सालीं निजाम सरकारनें रेल्वे आपल्या ताब्यांत घेतली. १९५१ सालीं ती मध्य रेल्वेंत विलीन झाली. आणि १९६० च्या सुमारास हिंगोली-अकोला-खंडवा हा मीटर गेज मार्ग पुरा झाला. शेवटचें स्थानक वाटेवरचें झालें. दक्षिणेची गाडी हिंगोलीवरून खंडवा ओलांडून थेट राजस्थानाकडे जाऊं लागली. नरसी हें संत नामदेवांचें गांव आणि औंढा नागनाथाचें ज्योतिर्लिंग, या दोन्ही ठिकाणच्या यात्रेकरूंसही उत्तरेकडून येण्याची सोय झाली.

पुढें १९६६ सालीं दक्षिण मध्य रेल्वे व २००३ सालीं तिचा नांदेड विभाग स्थापन झाला. २००८ सालीं पूर्णा-अकोला मार्ग मोठ्या रुळांचा झाला, आणि गेजची जुनी अडचण या टापूपुरती संपली. जालन्याहून मुंबईस जाणारी जनशताब्दी एक्स्प्रेसही पुढें हिंगोलीपर्यंत वाढविण्यांत आली. ज्या मनमाडास हिंगोलीच्या गासड्या उतरत, तेथून आतां उतारू जागेवरून न उठतां पुढें जातो.

तथापि फलाट बांधला म्हणजे स्थानकाचें काम पुरें झालें, असें नाहीं. बाळापूर-कळमनुरीच्या विद्यार्थ्यास, रोग्यास वा व्यापाऱ्यास गाडी मिळते ती सडकेवरची एस. टी. वेळेवर आली तरच. रुळांची तुटलेली सांखळी जोडावयास शंभराजवळ वर्षें लागलीं. गांव आणि स्थानक यांमधील कडी त्या मानानें फारच लहान आहे, आणि तिचें महत्त्व मात्र तितकेंच मोठें आहे.